पॅनिक अटॅक आला तरी मी मधल्या स्टेशनवर उतरले नाही

माझं जग कसं आकसत गेलं ते आता मला क्रमाने सांगता येतं. आधी फास्ट लोकलने जाणं सुटलं. मग स्लो लोकलमधली गर्दीची वेळ. मग एकटीने लोकलने जाणंच. त्यानंतर बँकेतली रांग, बाजारातली संध्याकाळची भाजी, लग्नातली पंगत, पार्लरमध्ये डोकं मागे टेकवून बसायची ती खुर्ची. २०१७ च्या दिवाळीत पहाटे सगळी डोंबिवली फडके रोडवर लोटली होती आणि मी फराळाचं आवरायचं आहे असं सांगून घरी थांबले. घरच्यांना वाटलं, दमली असेल. खरं तर तोवर मला सोसायटीच्या गेटबाहेर एकटीने पाऊल टाकायची धास्ती वाटायला लागली होती.

पॅनिक अटॅकबद्दल, म्हणजे अचानक उसळणाऱ्या प्रचंड भीतीच्या झटक्याबद्दल, बोलताना लोक त्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल बोलतात. ती मिनिटं भयंकर असतात, त्यात शंकाच नाही. पण माझी उरलेली वर्षं खाल्ली ती अटॅकने नाही. तो पुन्हा येऊ नये म्हणून मी जे जे सोडत गेले, त्याने खाल्ली. हे मला माझ्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी समजावून दिलं, आणि ज्यांना अजून कुणी समजावलेलं नाही त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

पहिला अटॅक आला तो पारसिकच्या बोगद्यात. त्या वेळी डोंबिवलीहून ठाण्याला जाणाऱ्या फास्ट लोकल त्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. एरवी कधी आला, कधी गेला कळायचं नाही. त्या सकाळी सिग्नल नव्हता म्हणून गाडी आतच थांबली. लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पाऊस होता म्हणून खिडक्या बंद. मला एकदम उकडायला लागलं आणि त्याच वेळी हातपाय गार पडले. छाती इतकी धडधडत होती की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या. घशाशी काहीतरी अडकलेलं. बायकांचे आवाज लांबून कुठूनतरी यायला लागले, माझाच हात मला परका वाटायला लागला. मनात एकच, मी आता इथे मरणार आणि दारापर्यंतसुद्धा कुणी नेऊ शकणार नाही.

ठाण्याला बायकांनी मला उतरवून बाकावर बसवलं. कुणी पाणी दिलं, कुणी नवऱ्याला फोन लावला, कुणी प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरली. (पिशवीत श्वास घ्यायला लावणं पुढे मला डॉक्टरांनी ठाम नको सांगितलं. त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्याने जीवावर बेतू शकतं.) नवरा पोचेपर्यंत मी जवळजवळ सावरले होते. तरीही आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी, रक्त, छातीचा एक्स-रे. सगळं नॉर्मल. ‘गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून घरी पाठवलं.

टेन्शन घेऊ नका हे वाक्य पुढे मी इतक्यांकडून ऐकलं! ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला रात्री दोन वाजता घामाने थबथबून जाग येते आणि आपण मरतोय अशी खात्री वाटते, त्याच्या हातात त्या वाक्याने काहीही पडत नाही. मग टूडी एको झाला, थायरॉइड झालं, बी-१२, हिमोग्लोबिन, ट्रेडमिलवरची टेस्ट. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं, ते मी विसरणार नाही. एकदा नीट तपासण्या करून घेणं गरजेचंच आहे, कारण थायरॉइड वाढलं किंवा हृदयाचे ठोके अनियमित असले तरी असाच त्रास होऊ शकतो. पण माझं तेवढ्यावर थांबलं नाही. दर अटॅकनंतर मला नवा रिपोर्ट हवा असायचा. तो नॉर्मल आला की दोन-चार दिवस बरे जायचे आणि मग मनात यायचं, मागच्या वेळी काही बघायचं राहून गेलं असेल तर?

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनीच सायकिॲट्रिस्टचं नाव लिहून दिलं. घरात त्या दिवशी शांतता होती. आमच्याकडे अजूनही ‘ठाण्याला न्यायची वेळ आली’ म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, हे लहान मुलालाही कळतं. एक नातेवाईक तेच वाक्य बोलूनही गेले. नवरा म्हणाला, ‘तुझा पाय मोडला असता तर मी हाडांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. चल.’

त्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. चहा-कॉफी किती, झोप कशी, घरात अजून कुणाला असा त्रास आहे का, जीव नकोसा होतो का, सगळं विचारलं. मग म्हणाले, ‘हा पॅनिक डिसऑर्डर आहे, आणि त्यापायी तुम्ही जे बाहेर जाणं सोडलंय त्याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. दोन्ही बरे होतात.’ बस-गाडीचा प्रवास, मोकळी मैदानं, बंद जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. ज्या ठिकाणांहून पटकन निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही असं वाटतं, त्यांची ही यादी. माझ्या बाबतीत मोकळं मैदान सोडून सगळ्यावर टिक होती. त्यांच्याकडूनच मला कळलं की १८७१ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले होते. शहरातले चौक आणि रिकामे रस्ते एकट्याने ओलांडताना ती माणसं गर्भगळीत व्हायची, आणि सोबत कुणी असलं की त्यांची भीती कमी व्हायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसांबद्दल मला त्या संध्याकाळी फार जवळीक वाटली. मीसुद्धा नवऱ्याचा दंड धरूनच त्या केबिनमध्ये गेले होते.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मला एसएसआरआय गटातलं, नैराश्यावर आणि चिंतेवर देतात ते औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता उलट वाढू शकते आणि खरा गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले. बऱ्याचजणी तिथेच औषध सोडून देतात. सुरुवातीला झटपट उतार देणारी दुसरी एक गोळीही होती. ती सवयीची होऊ शकते, त्यामुळे त्यांनीच ती हळूहळू उतरवून बंद केली. कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, हे त्यांनी नवऱ्यालाही बजावलं.

खरं काम सुरू झालं ते सायकॉलॉजिस्ट बाईंकडे. त्या ठाण्यात नौपाड्यात बसायच्या. म्हणजे उपचाराला जाणं हीच माझ्यासाठी परीक्षा होती. पहिले काही आठवडे आम्ही रिक्षाने गेलो.

बाईंनी आधी मला माझं शरीर शिकवलं. धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम सुटतो, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. इमारतीत आग नसताना आगीचा भोंगा वाजावा तसं हे आहे, भोंगा खरा पण आग नाही. श्वास कमी पडतोय असं वाटतं तेव्हा खरं म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्ताची आम्लता बदलते, त्यातून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो. मला सगळ्यात मोठी धास्ती होती चक्कर येऊन पडण्याची. बाई म्हणाल्या, ‘बेशुद्ध पडायला सहसा बीपी खाली यावं लागतं. अटॅकमध्ये ते वर गेलेलं असतं. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही आजवर एकदा तरी पडलात का?’ मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. प्रत्येक वेळी आता पडते असं वाटलं होतं.

मग त्यांनी एक वर्तुळ काढलं. छातीत धडधडतं, मला वाटतं हा हार्ट अटॅक आहे, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड मला माझं खरं असल्याचा पुरावा वाटते. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेला हा विचार. मला तो कागद बघून रडू आलं, कारण माझी सगळी तगमग त्या चार बाणांत मावली होती. कुठेतरी बोट ठेवता आलं. धडधड माझ्या हातात नव्हती, पण तिचा मी जो अर्थ लावत होते तो तपासता येणार होता.

पुढची पायरी मला अजिबात अपेक्षित नव्हती. मला वाटलं होतं, आता शांत व्हायला शिकवतील. त्यांनी नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. जागच्या जागी पळायला लावलं. मुद्दाम भराभर खोल श्वास घ्यायला सांगितला, आणि मुंग्या सुरू झाल्यावर विचारलं, ‘आता काय होतंय? किती भीती? ओळखीचं वाटतंय का?’ हुबेहूब तेच होतं. बोगद्यातलं सगळं, नौपाड्यातल्या एका केबिनमध्ये, पंखा चालू असताना. फरक एवढाच की ते मी स्वतः आणलं होतं आणि ते आपोआप ओसरलं. (माझे हृदयाचे रिपोर्ट बघून, दमा किंवा फिट्स नाहीत याची खात्री करूनच त्यांनी हे करून घेतलं. वाचून घरच्या घरी सुरू करायची ही गोष्ट नाही.) नंतर हा माझा रोजचा अभ्यास झाला. लेक शाळेतून यायच्या आधी मी स्वयंपाकघरात स्ट्रॉ घेऊन बसायचे. सुरुवातीला हात थरथरायचे. मग एक दिवस लक्षात आलं की मला कंटाळा आला आहे. बाईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या! ज्याचा कंटाळा येतो त्याची भीती टिकत नाही, म्हणाल्या.

मग आल्या पायऱ्या. मध्य रेल्वेवर राहणाऱ्या माणसाला त्या आयत्या मिळतात. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून गाड्या नुसत्या जाऊ द्यायच्या. मग स्लो लोकलने एकच स्टेशन, कोपर. पाच रुपयांचं तिकीट, दोन-तीन मिनिटांचा प्रवास. मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. मग तेच गर्दीच्या वेळी. मग दाराजवळ उभं न राहता आत, मधोमध. सगळ्यात वर फास्ट लोकल आणि बोगदा.

नियम एकच होता. ठरवलेल्या स्टेशनच्या आधी उतरायचं नाही, काहीही वाटलं तरी. निघण्यापूर्वी वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतंय, आणि किती खात्री आहे. ‘मला चक्कर येईल, मी पडेन, बायका चेन ओढतील. नव्वद टक्के.’ परत आल्यावर त्याच्याच खाली, खरं काय झालं. आधी मला वाटायचं की भीती कमी झाली तरच ती फेरी जमली. बाईंनी हे पुन्हा पुन्हा खोडून काढलं. भीती उतरली का, हे विचारायचं नाही. ज्याची खात्री होती ते घडलं का, तेवढंच विचारायचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या कामातून पुढे आलेला हा दृष्टिकोन त्या वापरत होत्या, हे मला नंतर कळलं. माझ्यासाठी तो फार मोलाचा ठरला. कारण काही फेऱ्यांत भीती शेवटपर्यंत उतरलीच नाही. जुन्या मापाने त्या सगळ्या वाया गेल्या असत्या. वहीच्या मापाने मात्र त्याच सगळ्यात उपयोगी होत्या. एवढी भीती असूनही मी पडले नव्हते.

मुंब्र्यानंतर एकदा पूर्ण अटॅक आला. मुंब्रा ते कळवा हे अंतर जरा मोठं आहे. मुंग्या सुरू झाल्या, आवाज लांब गेले. फोन काढून नवऱ्याला लावावा म्हणून हात पर्समध्ये गेला आणि मी तो रिकामाच बाहेर काढला. मनात म्हटलं, ये. जेवढा यायचा तेवढा ये. मी कुठे जात नाही. हे म्हणणं शौर्याचं वाटेल, पण तेव्हा माझे गुडघे लटपटत होते आणि तोंड पांढरं पडलं असणार, कारण समोरच्या बाईंनी न विचारता सरकून चौथ्या सीटवर जागा केली. मी बसले. कळवा आलं. दार समोर होतं. मी उतरले नाही. गाडी खाडीवर आली तेव्हा छाती अजून धडधडतच होती, पण तिचं काय करायचं हा प्रश्न उरला नव्हता. ठाण्याला उतरून मी फलाटावरच वही काढून लिहिलं.

पायऱ्यांइतकंच कठीण गेलं ते आधार सोडणं. माझी पर्स म्हणजे एक छोटा दवाखाना होता. पाण्याची बाटली, इलेक्ट्रॉल, लिमलेटच्या गोळ्या, ती अर्धी गोळी, बाम, पॉवर बँक. प्रत्येक स्टेशनजवळचं हॉस्पिटल मला पाठ होतं. बाईंनी विचारलं, ‘तुम्ही वाचलात ते कुणामुळे, असं तुमच्या मनाला वाटतं?’ मी म्हटलं, बाटलीमुळे. तोच मुद्दा होता. संकट मुळात आलंच नव्हतं हे मनाला कळायला जागाच राहत नव्हती. म्हणून एकेक वस्तू घरी राहू लागली. आईने सांगितलेल्या स्तोत्रावर मी अडले. ते मी गाडीत सतत पुटपुटायचे. बाईंनी त्याला हात लावला नाही. म्हणाल्या, ‘देवापुढे दिवा लावताना मनापासून म्हणा. गाडीत भीती पळवायला नका वापरू.’ मला ते पटलं. आईलाही पटलं, हे विशेष.

नवऱ्याला त्यांनी एका सत्रात मुद्दाम बोलावलं. दर स्टेशनला त्याचा फोन यायचा, ‘कुठे पोचलीस? बरी आहेस ना? काही होणार नाही.’ प्रेमापोटीच. बाईंनी त्याला सांगितलं, धीर द्यायचा नाही. तिचा फोन आला तर फक्त विचारायचं, ‘बरं, मग आता काय करणार आहेस?’ आणि ऐकायचं. तो घरी येऊन गप्प बसला. आपली मदतच तिला अडवत होती हे स्वीकारणं त्याला जड गेलं. पण त्याने ते पाळलं, आणि माझ्या बरं होण्यात त्याचा तो वाटा मी फार मोठा मानते.

बोगद्यातून गेले तो दिवस साधाच होता. गाडी थांबली नाही, अंधार आला, गेला. थांबली असती तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं. पुढे दादरपर्यंत, मग सीएसएमटी, मग पुन्हा नोकरी.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि सगळ्यांनाच घरात बसायला सांगितलं गेलं. माझ्यासारख्यांसाठी ते फसवं सुख होतं. कुठे जायचंच नाही, मग अटॅकही नाही. २१ ऑक्टोबरपासून सरसकट सगळ्या बायकांना गर्दीची वेळ सोडून लोकलने जायची मुभा मिळाली, आणि फलाटावर पाऊल टाकताच छाती पहिल्यासारखीच धडधडली. वर तोंडाला मास्क, त्यातून श्वास कोंडल्यासारखा. इथे मला स्ट्रॉचा अभ्यास कामी आला. तो कोंडलेपणा मी स्वयंपाकघरात बसून कितीतरी वेळा अनुभवला होता. मी पुन्हा कोपरपासून सुरुवात केली. परतलेल्या भीतीला उतरायला पहिल्यापेक्षा खूपच कमी वेळ लागला. औषधं त्यानंतर सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होत थांबली.

हे मी डब्यातल्या ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी नंतर मला बाजूला घेऊन आपापलं सांगितलं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, तरी एकाच डब्यातून रोज जाणाऱ्या आम्हाला एकमेकींचं माहीत नव्हतं. एकीला खाजगी उपचार परवडत नव्हते. तिने टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलून सुरुवात केली. फोन फुकट असतो.

सध्या आमच्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा लेक्चरला बसेनासा झाला आहे. त्याची आई माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी एकदा नीट करून घ्या आणि मग रिपोर्टच्या मागे लागू नका. वर्गातून त्याचा फोन आला की लगेच गाडी घेऊन आणायला जाऊ नका, मग ते कितीही अवघड वाटो. पहिल्या भेटीला मी त्यांच्याबरोबर गेले. पुढची भेट गुरुवारी आहे. तो म्हणाला, या वेळी आई बाहेर बसेल, आत मी एकटा जाईन.